मोगली कुठल्या जंगलातला? नव्वदच्या दशकातली जपानी कार्टूनं आणि आपलं पेठ

मंडळी, विषयाचं नाव वाचलं तेव्हा मागच्या रांगेतले काही जण हसले. हसू द्या. पेठचा इतिहास म्हटला की संस्थान, बेगम, सत्तावनचा उठाव, असंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. तो इतिहास मोठाच आहे, आणि आज शेवटी शेवटी आम्ही तिकडे वळणारही आहोत. पण पस्तीस ते पंचेचाळीस वयाच्या कुणालाही विचारा, लहानपणीचा रविवार म्हणजे काय? उत्तर एकच मिळेल. मोगली.

आता थोडं जगाचं बघू. जपानमध्ये कार्टूनला ‘आनिमे’ म्हणतात. अ‍ॅनिमेशन या इंग्रजी शब्दाचंच ते तोडलेलं रूप. या आनिमेचे चाहते जगभर आहेत आणि १९९५च्या आसपासचा काळ म्हटला की ते हळवे होतात. त्यालाही कारण आहे. त्या वर्षी जानेवारीत कोबेचा भूकंप झाला, मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला गेला, आणि त्याच ऑक्टोबरात ‘इव्हान्जेलियन’ ही मालिका सुरू झाली. नोव्हेंबरात ‘घोस्ट इन द शेल’ हा चित्रपट आला. घाबरलेल्या, गोंधळलेल्या समाजाची ती चित्रं होती. अमेरिकेतली पोरं त्याच्या व्हिडिओ कॅसेटी एकमेकांना टपालानं पाठवत.

आमच्याकडे यातलं काहीच आलं नाही. नाशिकला केबल होती, तिच्यावर १९९५पासून कार्टून नेटवर्क दिसायला लागलं. आपण सावळघाटाच्या अलीकडे. आपल्याकडे दूरदर्शन, तेही बांबूला बांधलेल्या अँटेनावर. पाऊस लागला की पडद्यावर मुंग्या. एक जण घराबाहेर उभा राहून अँटेना फिरवणार आणि आतले ओरडणार, ‘आलं, आलं, थांब, गेलं!’ लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी. ज्यांच्या पाड्यावर वीजच नव्हती ती पोरं चालत यायची आणि दाराबाहेर उकिडवी बसायची. टीव्ही ज्याचा, त्याचा रविवारी सकाळी भलताच रुबाब असायचा, हे इथल्या काही जणांना चांगलं आठवत असेल.

त्या पडद्यावर १९९३च्या सुमारास ‘जंगल बुक’ आलं. ही मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी कंपनीची, दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा, एकूण बावन्न भाग. जपानमध्ये ती १९८९च्या ऑक्टोबरपासून १९९०च्या ऑक्टोबरपर्यंत दाखवून संपलेली होती. म्हणजे आमचं नव्वदचं दशक हे जपानच्या ऐंशीच्या दशकाचं शेपूट. मोगलीच्या हातात बूमरँग का होतं, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. किपलिंगच्या पुस्तकात ते नाही, आणि आपल्या रानात तर नाहीच. आम्ही मात्र सागाची, बांबूची, हाताला लागेल त्या लाकडाची बूमरँगं करून फेकली. एकही परत आलं नाही. कौलं मात्र फुटली.

हे जपानी आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मालिका हिंदी बोलत होती. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं, आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. घरात कोकणी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी, गोष्ट मुळात इंग्रजी आणि चित्रं जपानी. एका रविवारच्या अर्ध्या तासात एवढं सगळं. आमच्यातल्या पुष्कळांची हिंदी ही शाळेतल्या पुस्तकापेक्षा शेरखानकडून आलेली आहे. पुढं मुंबईला कामाला गेल्यावर तिचा किती उपयोग झाला हे वेगळं सांगायला नको, फक्त बोलताना उगीच दरडावल्यासारखं वाटायचं! जाता जाता एक गंमत: किपलिंग १८६५ साली जन्मला तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात, कारण त्याचे वडील तिथं शिकवत होते. आणि शेरखानला आवाज देणारे नाना हे जे. जे.च्याच उपयोजित कला संस्थेचे विद्यार्थी.

त्याच काळातलं दुसरं जपानी काम म्हणजे ‘रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’. त्याचा इतिहास मोगलीपेक्षा गुंतागुंतीचा आहे. युगो साको नावाचे जपानी दिग्दर्शक १९८३मध्ये रामायणाशी संबंधित उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले. परदेशी माणूस रामायणाला हात लावतो म्हणून विश्व हिंदू परिषदेकडून निषेधाचं पत्र गेलं. साको यांनी माघार घेतली नाही, उलट रामायणावर चित्रपटच करायचं ठरवलं. कार्टूनमधून राम दाखवणं शोभत नाही, अशी आपल्याकडची सरकारी भूमिका होती. शेवटी चित्रं जपानमध्येच काढली गेली, सुमारे एक लाख, सगळी हातानं. भारतीय बाजूनं राम मोहन होते. धोतर कसं नेसतात, नमस्कार कसा करतात, जमिनीवर बसतात कसं, हे जपानी चित्रकारांना समजावून देणं हेसुद्धा एक कामच होतं. संगीत वनराज भाटियांचं. चित्रपट १९९२मध्ये पुरा झाला आणि त्याच डिसेंबरात अयोध्येत बाबरी पाडली गेली. १९९३च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, पण थिएटरांमध्ये म्हणावा तसा पोचलाच नाही. पुढं हिंदीत, अरुण गोविल रामाच्या आणि अमरीश पुरी रावणाच्या आवाजात, तो टीव्हीवर परत परत लागला तेव्हा कुठं लोकांचा झाला. २४ जानेवारी २०२५ला तो नव्यानं थिएटरांत लागला, तेव्हा तिकीट काढणारे बहुतेक ते टीव्हीवालेच.

रामाचं चित्र काढणं हा अपमान की भक्ती, हा वाद आमच्या लोकांना कळणं अवघड आहे. बोहाड्यात आपल्याकडे चैत्र-वैशाखात रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-पिपाणीवर सोंगं नाचतात. गणपती येतो, मारुती येतो, रावण येतो. मुखवट्याच्या आत कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. काल ज्याच्याशी बांधावरून भांडण झालं तोच आज देव असतो, आणि बायाबापड्या त्याच्या पाया पडतात. रावणाची सगळी तोंडं डोक्यावर घेऊन नाचायला मानेत ताकद लागते, त्याचंही कौतुक होतं. त्यामुळं जपानी हातानं काढलेला पंचवटीतला राम बघून आमच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले आणि चहा मागितला. विषय संपला. आमच्या मते त्या सगळ्या वादावर याहून चांगला अभिप्राय दिल्लीत कुणाला सुचला नसता.

वाघाच्या बाबतीत मात्र म्हातारी माणसं नाराज झाली. हे नीट ऐका, कारण शहरातले चाहते मोगलीवर लिहितात तेव्हा ही गोष्ट त्यांच्या लिखाणात येत नाही. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर वाघबारस असते. वाघदेवाला शेंदूर लागतो, गुराखी रानात एकत्र रांधतात, आमची गुरं राख म्हणून सांगतात. लाकडी खांबावर वाघ, वर चंद्र-सूर्य, ही मूर्ती या खोलीतल्या सगळ्यांनी बघितली आहे. आणि टीव्हीवर तो वाघ खलनायक! एका आजीनं शेरखान दिसला की पडद्याकडे पाठ करून बसायचं, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. ‘त्याचं नाव घेऊन असं बोलू नये, तो ऐकतो,’ म्हणायच्या. आम्ही हसायचो. तो देवही आहे आणि गोठ्यातून वासरूही नेतो, हे दोन्ही त्यांना एकाच वेळी ठाऊक होतं. किपलिंगला आणि कुरोकावांना गोष्टीसाठी त्यातली एकच बाजू पुरली.

आणि आता नावाचं. आमच्यातले काही दहावीनंतर शिकायला नाशिकला गेले. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात गाव विचारलं जायचं. पेठ म्हटलं की, ‘अरे, मोगली आला.’ नाव चिकटलं ते चिकटलंच. काही जणांनी ते हसून घेतलं, एक जण दिवाळीला आला तो परत गेलाच नाही. ज्या पोराच्या शौर्यावर आम्ही रविवारचे रविवार ओवाळून टाकले, त्याच्याच नावानं आम्हाला रानटी ठरवलं जात होतं. म्हणून या मालिकेबद्दल बोलताना आमचा सूर त्या नाशिककर मित्रांसारखा नुसता गोड लागत नाही. प्रेम आहे, पण त्याला गाठ आहे.

इथं किपलिंगचीच एक गोष्ट उपयोगी पडते. ‘इन द रुख’ ही त्याची कथा १८९३ची, ‘जंगल बुक’च्या एक वर्ष आधीची. मोगली पहिल्यांदा दिसतो तो या कथेत, आणि तो तरुण आहे. त्याचं पुढं काय होतं? तो जंगल खात्यात नोकरीला लागतो! साहेब त्याला पगार सांगतो, शेवटी पेन्शन मिळेल म्हणतो. लांडग्यांत वाढलेला पोरगा फॉरेस्ट गार्ड. मालिका बघताना हे कुणी सांगितलं असतं तर आमच्या वडीलधाऱ्यांनी कपाळावर हात मारला असता. गार्डाला बघून सरपणाची मोळी टाकून पळणारी माणसं ती, मोगलीच खाकी घालून पुढं उभा राहिला असता तर काय करायचं?

म्हणून सुरुवातीला म्हटलं ते संस्थान. पेठची शेवटची बेगम १८७८ साली वारली आणि संस्थान इंग्रजांकडे गेलं. त्याच १८७८ साली भारतीय वन कायदा झाला. राखीव जंगल, संरक्षित जंगल, परवानगी, दंड हे शब्द तेव्हापासून अधिकच घट्ट झाले. किपलिंगनं मोगलीला गार्ड केलं ते याच कायद्याच्या काळात, अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये बसून. तिकडून त्याला हे जंगल कुणाचंच नाही, फक्त प्राण्यांचं आणि सरकारचं, असं दिसणं साहजिक होतं. त्यात नागली-वरई पेरणारी माणसं नाहीत. वनहक्काचा कायदा यायला २००६ उजाडलं, आणि त्याचे दाखले मागायला मार्च २०१८मध्ये आपल्याच भागातली माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली. त्या मोर्च्यात रविवारी मोगली बघणाऱ्या पिढीतले कितीतरी जण होते. पायांना फोड आलेले.

एक शेवटची गोष्ट सांगतो. आमच्यातल्या पुष्कळांनी ही मालिका पुरी बघितलेली नाही. दिवाळी झाली की आई-बाप दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जायचे, पोरं त्यांच्याबरोबर किंवा आश्रमशाळेत. तिथं टीव्ही कुठला? मोगलीचा शेवट काय झाला हे आम्ही एकमेकांना विचारायचो आणि जो तो वेगळं सांगायचा, काही तर सरळ थापा मारायचे. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. बागांतून माणसं घरी परतलेली, कामं बंद. दूरदर्शननं ‘जंगल बुक’ पुन्हा लावलं, दुपारी एक वाजता. चाळिशीला टेकलेली माणसं पोराबाळांना घेऊन टीव्हीपुढं बसली आणि राहिलेले भाग बघितले. पोरांना ते संथ वाटलं. डोरेमॉन आणि शिनचॅनवर वाढलेली ती पोरं, पहिल्याच भागात मोगलीचे डोळे बघून एकानं विचारलं, ‘हे जपानी आहे ना?’ आम्हाला ते कळायला पंचवीस वर्षं लागली होती.