गिअरच्या दांडीवरचं पिवळं बटण

चिखलाचा तीव्र उतार समोर आला, की जुन्या लँड रोव्हरवाल्यांचा नियम ठरलेला असे: सगळ्यात खालचा गिअर टाकायचा, दोन्ही पाय पेडलांवरून काढून घ्यायचे आणि गाडीला तिच्या चालीने उतरू द्यायचं. नवख्याच्या हे जिवावर येई. गाडीचं नाक खाली गेलं आणि काचेतून नुसती जमीन दिसू लागली, की पाय आपसूक ब्रेककडे जातो. ओल्या गवतावर तो जरा जोरात पडला, तर चाकं जागच्या जागी थांबतात. गाडी मात्र थांबत नाही. ती तशीच घसरत खाली येते, आणि घसरणारी चाकं स्टिअरिंगला जुमानत नाहीत.

30 अंशांच्या उतारावर गाडीच्या निम्म्या वजनाइतकी ओढ तिला खाली खेचत असते. दीड टनाच्या गाडीला पाऊण टनाची ओढ! त्यात भार पुढच्या चाकांवर सरकतो आणि मागची चाकं हलकी होऊन पकड सोडू लागतात.

या ओढीवरचा उतारा लँड रोव्हरच्या पोटातच होता. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांनी 1947 मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावर, रेड व्हार्फ बेच्या वाळूत या गाडीची पहिली आकृती काढली, असं सांगतात. एप्रिल 1948 मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. तिच्या मुख्य गिअरबॉक्सला जोडून ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी होती. तिची दांडी ‘लो’ला टाकली, की सगळेच गिअर आणखी खाली येत. मग चाकांना इंजिन फिरवत फिरवतच उतरावं लागे, आणि इंजिनच त्यांना आवरून धरी. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हे सह्याद्रीतले ड्रायव्हर ज्या कारणासाठी सांगतात तेच हे कारण.

तिचा हँडब्रेकही वेगळा होता. तो चाकांवर नव्हे, तर ट्रान्सफर केसमागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर बसवलेला असे. शाफ्ट आवळला, की पुढची गिअरयंत्रणा त्याची पकड कित्येक पट करी. पण एक मागचं चाक जॅकने उचललं, की दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शिअलमुळे ते चाक मोकळं फिरू शके आणि गाडी जागेवरून सरके. म्हणून चाक बदलताना दुसऱ्या चाकांना दगड लावणं भागच होतं.

जवळजवळ पन्नास वर्षं हे असंच चाललं. मग 1997 मध्ये फ्रीलँडर आली.

तेव्हा लँड रोव्हर बीएमडब्ल्यूच्या ताब्यात होती. शहरी कुटुंबांनाही परवडेल आणि पेलेल अशी लहान, हलकी गाडी बनवायची होती. फ्रीलँडरचं इंजिन आडवं बसवलेलं आणि बांधणी साध्या मोटारीसारखी एकसंध होती. या मांडणीत ट्रान्सफर केस गेली आणि ‘लो’ची दांडीही गेली. नावात लँड रोव्हर असलेली गाडी उतारावर स्वतःला आवरू शकत नाही, हे कंपनीच्या अभियंत्यांना कसं चालावं? पेटी परत बसवायची तर वजन वाढणार आणि किंमतही. तेव्हा त्यांनी गाडीत आधीच असलेल्या एका यंत्रणेला नव्या कामाला जुंपलं. मोटारींच्या इतिहासात उणिवेतून निघालेल्या युक्त्या अनेक आहेत. त्यांतली ही फार देखणी.

ती यंत्रणा म्हणजे एबीएस. बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं होतं. प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. चाक अडकू लागलं, की झडपा त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडतात आणि पुन्हा भरतात. पुढे ट्रॅक्शन कंट्रोलसाठी यात आणखी एक क्षमता आली: ड्रायव्हरने पेडल दाबलेलं नसतानाही पंप स्वतःहून ब्रेकला दाब देऊ लागला. उतारावर वेग आवरणाऱ्या नव्या युक्तीने, म्हणजे हिल डिसेंट कंट्रोलने, हाच पंप वापरला. फ्रीलँडरच्या गिअरच्या दांडीवर एक पिवळं बटण आलं. पहिला गिअर टाकून ते चालू केलं आणि पाय काढून घेतले, की गाडी ताशी साधारण 9 किलोमीटरच्या वर जात नसे. वेग वाढू लागला, की पंप दाब वाढवी. एखादं चाक घसरू लागलं, की नेमकं तेवढंच सैल सोडी. चार चाकांना चार वेगवेगळे दाब देणं कितीही कसलेल्या माणसाच्या एका पायाला जमणारं नाही. खाली पंपाची खरखर ऐकू येई, आणि मागून येणाऱ्याला ब्रेकचे लाल दिवे दिसत.

रिव्हर्समध्येही ते चाले, आणि माझ्या मते तिथेच त्याचं मोल जास्त. चढ अर्ध्यावर चुकला, की गाडी आडवी वळवायची नाही, नाहीतर ती कोलमडते; सरळ रिव्हर्समध्ये उतरायचं, हा जुना धडा. मान मागे वळवून स्टिअरिंग सरळ धरणाऱ्याच्या पायावरचं ओझं या बटणाने काढून घेतलं. त्यालाही मर्यादा होत्या. लांब उतारावर डिस्क फार तापल्या, की यंत्रणा इशारा देऊन हळूहळू माघार घेई. इंजिन आवरतं तेव्हा ब्रेक तापत नाहीत. पंप आवरतो तेव्हा तापतात. म्हणून ‘लो’ आणि हिल डिसेंट कंट्रोल दोन्ही असलेल्या गाडीत जाणते लोक आजही दोन्ही एकदम वापरतात.

हँडब्रेकचं स्थित्यंतर थोडं नंतरचं. 2001 च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सीरिजमध्ये दांडा जाऊन बटण आलं. 2004 च्या डिस्कव्हरी 3 मध्ये ते चिखलातही उतरलं. तिच्यात एक मोटर केबल ओढून मागच्या चाकांतले ब्रेक आवळते. आता असं बटण असलेल्या बहुतेक गाड्यांत केबलही नसते. मागच्या प्रत्येक कॅलिपरवर छोटी मोटर असते. ती गिअरच्या साह्याने एक स्क्रू फिरवते आणि स्क्रू पिस्टनला पॅडवर दाबतो. पकड घट्ट झाली, की मोटर जास्त वीज खेचू लागते, त्यावरून कंट्रोलरला थांबायचं कळतं. स्क्रूचे आटे असे असतात, की मागून कितीही दाब आला तरी तो उलटा फिरत नाही. त्यामुळे वीज बंद झाली तरी गाडी जागेवर राहते. घाट चढून आलेल्या गाडीच्या तापलेल्या डिस्क निवताना आकसतात आणि पकड किंचित सैल पडते. म्हणून काही गाड्यांत मोटर थोड्या वेळाने स्वतः जागी होऊन पकड पुन्हा एकदा आवळते. पार्किंगमध्ये उभ्या, बंद गाडीतून अचानक येणारा ‘घुर्र’ असा आवाज तोच.

फ्रीलँडरचा धागा पुढे थेट महाराष्ट्रात पोचला. 2008 मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली, आणि 2011 मध्ये पुण्यात जुळणी सुरू झाली ती फ्रीलँडर 2 चीच. नाशिकला बनणाऱ्या महिंद्राच्या थारने 2020 मध्ये ‘लो’ची दांडी, हिल डिसेंट कंट्रोल आणि हाताने ओढायचा हँडब्रेक अशा तीन पिढ्या एकाच गाडीत नांदवल्या. 2024 मध्ये आलेल्या थार रॉक्सच्या वरच्या मॉडेलांत हँडब्रेकच्या दांड्याची जागा छोट्या बटणाने घेतली. ‘लो’ची दांडी मात्र फोर बाय फोरमध्ये जागच्या जागी आहे.