विकिपीडियावरचं हयात प्राध्यापकाचं चरित्र कसं सुधारायचं? मोबाईलवरून करता येईल असं पूर्ण मार्गदर्शन

एखाद्या प्राध्यापकाचं किंवा शास्त्रज्ञाचं नाव गुगलवर टाकलं, की विकिपीडियावर लेख असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या काही रिझल्ट्समध्येच दिसतो. पत्रकार बातमीसाठी तो वाचतात, विद्यार्थी ॲडमिशनच्या आधी वाचतात, एआय चॅटबॉटही त्यातली माहिती उचलतात. त्यामुळे लेखातली एक चुकीची ओळ त्या माणसाच्या मागे वर्षानुवर्षं फिरत राहते.

हा लेख लिहिणारे मात्र तुमच्या-आमच्यासारखेच स्वयंसेवक असतात. म्हणजे तो दुरुस्तही आपणच करू शकतो, आणि त्यासाठी लॅपटॉप लागतोच असं नाही. फक्त हयात व्यक्तीच्या लेखाचे नियम बाकीच्या लेखांपेक्षा कडक आहेत. ते आधी समजून घेऊ, मग प्रत्यक्ष काम पाहू.

हयात व्यक्तींसाठी वेगळे नियम का?

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. सुरुवातीला नियम बरेच सैल होते. मे २००५ मध्ये कुणीतरी नाव न सांगता अमेरिकन पत्रकार जॉन सीगनथॉलर यांच्यावर एक खोटा लेख टाकला. केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता, असं त्यात लिहिलं होतं. प्रत्यक्षात ते रॉबर्ट केनेडी यांचे सहकारी होते. हा मजकूर चार महिन्यांहून जास्त काळ तसाच राहिला. सीगनथॉलर यांनी नोव्हेंबर २००५ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून ही गोष्ट उघड केली.

त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी स्वतंत्र धोरण तयार झालं. त्याचा गाभा सोपा आहे: जिवंत माणसाबद्दलच्या वादग्रस्त विधानाला भक्कम संदर्भ नसेल, तर ते चर्चेची वाट न पाहता लगेच काढायचं. हे टीकेला लागू आहे, तसंच स्तुतीलाही.

डॉना स्ट्रिकलंड: नोबेल मिळालं, पण लेख नव्हता

चुकीची माहिती ही एक अडचण. दुसरी अडचण म्हणजे माहितीच नसणं. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या प्राध्यापक डॉना स्ट्रिकलंड.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मेरी क्युरी (१९०३) आणि मारिया गेपर्ट-मायर (१९६३) यांच्यानंतर हे नोबेल मिळवणाऱ्या त्या तिसऱ्याच महिला. पण घोषणा झाली तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांचा लेखच नव्हता. त्यांच्यासोबत पुरस्कार मिळालेल्या जेरार मुरू आणि आर्थर ॲश्किन यांचे लेख मात्र आधीपासून होते.

त्याच वर्षी कुणीतरी स्ट्रिकलंड यांच्यावर मसुदा तयार करून पाठवला होता. मे २०१८ मध्ये तो नाकारला गेला. कारण दिलं होतं, की दिलेल्या संदर्भांवरून त्यांची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. त्याआधी २०१४ मध्ये एक लेख कॉपीराइटच्या कारणावरून काढला गेला होता.

आता त्यांचं काम बघा. १९८५ साली त्यांनी मुरू यांच्यासोबत लेसरवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लेसरचा अगदी छोटा स्पंद आधी वेळेत ताणायचा, मग त्याची ताकद वाढवायची आणि शेवटी पुन्हा आकसवायचा, अशी ही पद्धत. आज डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियेतही ती वापरली जाते. २०१३ मध्ये त्या ऑप्टिकल सोसायटी या मोठ्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे कर्तृत्व होतंच. ते तपासणाऱ्याला पटेल अशा रीतीने मसुद्यात मांडलं गेलं नव्हतं. तपासणाऱ्यांच्या नजरेतही त्रुटी राहते, यावर तेव्हा जगभर चर्चा झाली. त्या काळात इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांपैकी साधारण १८ टक्केच महिलांची होती.

यातून आपल्यासाठी धडा एकच: प्राध्यापकाचा लेख विशेषणांवर टिकत नाही, संदर्भांवर टिकतो.

कोणत्या प्राध्यापकावर लेख होऊ शकतो?

फक्त प्राध्यापक असणं पुरेसं नाही. इंग्रजी विकिपीडियावर शिक्षण आणि संशोधन क्षेत्रातल्या लोकांसाठी वेगळे निकष आहेत. खालीलपैकी एखादी गोष्ट विश्वासार्ह संदर्भाने दाखवता आली, तरी सहसा पुरते:

• त्यांच्या संशोधनाचा आपल्या विषयावर मोठा प्रभाव पडला आहे आणि तसं इतरांनी नोंदवलं आहे.
• राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरचा अतिशय मानाचा शैक्षणिक पुरस्कार मिळाला आहे.
• लंडनच्या रॉयल सोसायटीसारख्या, मोजक्याच लोकांना निवडणाऱ्या संस्थेचे ते सदस्य आहेत.
• मोठ्या विद्यापीठाचं सर्वोच्च पद, उदाहरणार्थ कुलगुरुपद, भूषवलं आहे.
• विषयातल्या नामवंत नियतकालिकाचे ते मुख्य संपादक आहेत.

तुमच्या कॉलेजमधल्या आवडत्या सरांनी खूप छान शिकवलं, तरी तेवढ्यावर लेख टिकणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. त्यात सरांचं मोल कमी होत नाही.

कोणता संदर्भ चालतो, कोणता नाही?

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

चांगले संदर्भ: नावाजलेल्या वर्तमानपत्रातली बातमी किंवा मुलाखतीपलीकडचा सविस्तर लेख, मान्यवर प्रकाशकाचं पुस्तक, त्यांच्या पुस्तकाचं दुसऱ्या अभ्यासकाने लिहिलेलं परीक्षण, पुरस्कार देणाऱ्या संस्थेची अधिकृत यादी.

मर्यादित कामाचे संदर्भ: विद्यापीठाच्या साइटवरचं प्रोफाइल, स्वतःचा बायोडेटा. पदवी, पद, नियुक्तीचं वर्ष अशा साध्या गोष्टींसाठी हे चालतात. थोरवी सिद्ध करायला चालत नाहीत, कारण ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या संस्थेने लिहिलेले असतात.

टाळायचे संदर्भ: फेसबुक पोस्ट, व्हॉट्सॲप फॉरवर्ड, कुणाचा तरी ब्लॉग, पैसे घेऊन छापलेली प्रसिद्धी. विकिपीडियाचाच दुसरा लेखही संदर्भ म्हणून देता येत नाही.

आपल्याकडे एक खास प्रकार आहे: गौरवग्रंथ. साठीला किंवा पंच्याहत्तरीला विद्यार्थी आणि मित्र मिळून तो काढतात. त्यातून तारखा, पुस्तकांची यादी, कामाचा क्रम छान मिळतो. पण 'या क्षेत्रातलं सर्वात मोठं नाव' हे वाक्य गौरवग्रंथातून उचलू नका. प्रेमाने लिहिलेलं असलं, तरी ते त्रयस्थ नाही.

संदर्भ मराठीत असला तरी हरकत नाही, अगदी इंग्रजी विकिपीडियावरही. जुन्या मराठी दैनिकातलं कात्रण नेटवर नसेल, तर दैनिकाचं नाव, तारीख आणि पान क्रमांक द्या. लिंक असायलाच हवी असा नियम नाही.

भाषा: सत्काराचं भाषण नको

मराठी चरित्रांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही आहे. नमुना बघा:

आधी: 'बहुआयामी व्यक्तिमत्त्वाच्या धनी असलेल्या डॉना स्ट्रिकलंड यांनी लेसरच्या क्षेत्रात अतुलनीय योगदान देऊन जगभर नाव कमावले.'

नंतर: 'स्ट्रिकलंड यांनी १९८५ साली जेरार मुरू यांच्यासोबत लेसर स्पंदांची तीव्रता वाढवण्याची पद्धत मांडली. या कामासाठी दोघांना २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.'

दुसऱ्या नमुन्यात एकही कौतुकाचा शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला मोठेपणा कळतो. 'ऋषितुल्य', 'विद्याव्यासंगी', 'ख्यातनाम' असे शब्द दिसले की विचारा: याऐवजी वर्ष, पुस्तकाचं नाव किंवा पुरस्कार लिहिता येईल का?

लेखाच्या शीर्षकात डॉ., प्रा., श्री. लावू नका. 'पद्मश्री' नावाच्या आधी लिहिणंही टाळा. पद्म पुरस्कार ही पदवी नाही आणि ती नावाला जोडून वापरायची नसते. पुरस्कारांच्या विभागात वर्षासह नोंद करा.

मोबाईलवरून बदल कसा करायचा?

१. आधी खातं तयार करा. इंग्रजी विकिपीडियावर नवीन लेख थेट प्रकाशित करायला खातं किमान चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेलं लागतं. असलेला लेख सुधारायला बहुतेक वेळा इतकं थांबावं लागत नाही.

२. लेख उघडून 'इतिहास' आणि 'चर्चा' ही पानं वाचा. तुम्हाला खटकलेल्या ओळीवर आधीच वाद झालेला असू शकतो.

३. एका वेळी एकच विभाग घ्या. शीर्षकाशेजारच्या पेन्सिलवर टॅप केलं की तेवढाच भाग संपादनासाठी उघडतो. छोट्या स्क्रीनवर अख्खा लेख उघडला तर गोंधळ होतो.

४. वाक्य लिहा आणि लगेच त्याच्या शेवटी संदर्भ जोडा. दृश्य संपादकात त्यासाठी वेगळं बटण असतं. तिथे बातमीची लिंक टाकली की बऱ्याचदा शीर्षक आणि तारीख आपोआप भरली जाते. ती बरोबर आहे का ते बघा. मराठी साइट्सच्या बाबतीत ती अनेकदा अर्धवट येते.

५. बदलाचा सारांश लिहा: 'नियुक्तीचं वर्ष दुरुस्त केलं, संदर्भ जोडला.' तो वाचून इतरांना तुमचा हेतू कळतो.

६. मोठा बदल असेल तर आधी 'धूळपाटी'वर लिहून पाहा. ती तुमची सरावाची जागा.

संदर्भ नसलेली पण निरुपद्रवी ओळ दिसली, उदाहरणार्थ कुठल्या शाळेत शिकले, तर मराठी विकिपीडियावर तिला 'संदर्भ हवा' असा साचा लावता येतो. बदनामीकारक ओळ असेल तर साचा लावत बसू नका, ती सरळ काढा.

खासगी माहिती आणि वाद

जन्मतारीख सगळीकडे प्रसिद्ध झालेली नसेल तर फक्त वर्ष द्या किंवा तेही सोडा. घरचा पत्ता, फोन नंबर, मुलांची नावं, आजारपण यांना लेखात जागा नाही. तुम्हाला माहीत आहे म्हणजे ते लिहिता येतं असं नाही.

खरोखर वाद झाला असेल तर तो लपवायचाही नाही. पण एकाहून जास्त विश्वासार्ह ठिकाणी आलेला असावा, आणि त्याला लेखात त्याच्या वजनाइतकीच जागा मिळावी. चाळीस वर्षांच्या संशोधनाला दोन ओळी आणि एका भांडणाला पाच परिच्छेद, असा लेख संदर्भ असूनही अन्यायाचा ठरतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्याच गाईडचा लेख मी लिहू शकतो का?
सरळ संपादन टाळा. हा हितसंबंधाचा मामला आहे. चर्चा पानावर तुमचं नातं सांगा, हवा असलेला बदल आणि संदर्भ तिथे द्या, आणि तिसऱ्या माणसाला तो करू द्या. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं सक्तीचं आहे.

मॅडमनी फोटो पाठवलाय. टाकू का?
फोटोचा हक्क सहसा तो काढणाऱ्याचा असतो, फोटोत असलेल्याचा नाही. स्टुडिओत काढलेला किंवा गुगलवरून उतरवलेला फोटो चालणार नाही. सर्वात सोपा उपाय: त्यांना विचारून स्वतःच्या मोबाईलने फोटो काढा आणि मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सवर चढवा.

विद्यापीठाच्या साइटवरचा परिचय कॉपी-पेस्ट केला तर?
काढला जाईल. माहिती घ्या, पण वाक्यं तुमची हवीत.

एआयकडून लेख लिहून घेतला तर?
चॅटबॉट अस्तित्वातच नसलेली पुस्तकं आणि लिंका अगदी आत्मविश्वासाने देतात. हयात माणसाच्या चरित्रात हे धोक्याचं आहे. जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून वाचला नाही, तो देऊ नका. इंग्रजी लेखाचं भाषांतर करतानाही हेच लागू, आणि मूळ लेख कोणता ते सारांशात नोंदवा.

माझा बदल कुणीतरी उलटवला. आता काय?
तोच बदल पुन्हा पुन्हा करू नका, खातं ब्लॉक होऊ शकतं. इतिहासात त्यांनी कारण काय दिलंय ते वाचा. बहुतेक वेळा ते संदर्भाबद्दलच असतं. चांगला संदर्भ शोधा, चर्चा पानावर मांडा, आणि तीन-चार दिवस थांबा. समोरचाही स्वयंसेवकच आहे, त्यालाही ऑफिस आणि परीक्षा असतात.