खाऱ्या वाऱ्यातली अमेरिकन मोटार : प्रस्तावना

जुन्या अमेरिकन मोटारींचा छंद म्हणजे राजेरजवाड्यांचे आणि पैसेवाल्यांचे काम, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. पण मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात या छंदाला लागणारे भांडवल वेगळे आहे. एक मल्टिमीटर, एक फिलर गेज, इंची पान्यांचा संच आणि कारण सापडेपर्यंत सुटा भाग विकत न घेण्याचा निग्रह, एवढ्यावर सुरुवात होते. चौथी गोष्ट सर्वांत अवघड, म्हणून या पुस्तकाचा भर तिच्यावर आहे. गाडी दुरुस्त करणे हा निकाल झाला. दोष शोधणे हे खरे शास्त्र, आणि किनाऱ्यावर त्या शास्त्राचे काही नियम स्थानिक आहेत.

या गाड्या आपल्याकडे आल्या कुठून हे आधी पाहायला हवे, कारण सुट्या भागाचा माग तिथूनच लागतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. पेटाऱ्यांतून आलेले भाग तिथे जोडले जात आणि शेवरोले रस्त्यावर येत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि फार्गो ट्रक जोडायला घेतले. १९४९ मध्ये महिंद्रांची विलिज जीप माझगावहून निघू लागली. १९४८ साली एसटी सुरू झाली, त्या काळच्या ताफ्यातही शेवरोले आणि स्टुडबेकर होत्या. पुढे सरकारने देशी उत्पादनाचा आग्रह धरला आणि नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड यांनी १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळला. आपल्या पट्ट्याला शेजार मात्र गोव्याचा. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली तिथली आयात मोकळी होती, इकडे परवान्यांचे राज्य होते. त्यामुळे सीमेवरच्या बांद्याच्या अलीकडची आणि पलीकडची गाडी एकाच सालची असली, तरी दोघींची जन्मपत्रिका वेगळी असू शकते. चासी नंबर वाचायला शिकणे हा म्हणूनच या पुस्तकाचा पहिला धडा आहे.

त्या पत्रिकेचा उपयोग किती व्यवहारी आहे ते पाहा. १९५० च्या दशकातली डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट या तिन्ही मुळात एकच प्लिमथ आहेत. पुढची जाळी, चिन्हे आणि सजावटीच्या पट्ट्या बदलल्या की नाव बदलायचे. तिघींत बाजूच्या झडपांचे सहा सिलिंडरचे इंजिन, ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४. डिप्लोमॅटचा भाग मिळेना म्हणून हताश झालेल्या माणसाने मुंबईच्या चोरबाजारात प्लिमथच्या नावाने चौकशी करावी. फार्गोचा मालक असेल तर त्याने डॉज ट्रक म्हणावे.

आता हवेकडे वळू. कारखान्याची शॉप मॅन्युअल उत्तम आहेत आणि या पुस्तकाने ती जागा घेऊ नये. पण ती लिहिणाऱ्यांसमोर मालवणचा जून-जुलै नव्हता. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते, तसेच देवबाग-तारकर्लीच्या वाऱ्याने मडगार्डच्या आतल्या वळीत, दाराच्या तळाशी आणि चासीच्या पोकळीत नेऊन बसवलेले मीठही पाझरते. पाऊस थांबला तरी तिथला पत्रा ओला राहतो आणि गंज आतून खात जातो. यावरचे उपाय साधे आहेत. गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, दारांतून पाणी निघायची भोके काडीने मोकळी ठेवावीत, ताडपत्री अंगाला चिकटेल अशी बांधू नये, वारा खेळता ठेवावा. रंगकामाआधी हे केले नाही, तर रंगाचे पैसे पाण्यात.

याच हवेमुळे विजेचे दोष इथे पहिल्या क्रमांकावर येतात. १९५५ च्या आसपासपर्यंत बहुतेक अमेरिकन गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. तेवढीच शक्ती हवी तर १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. दुप्पट करंट म्हणजे खराब जोडात दुप्पट व्होल्ट वाया, आणि मुळात व्होल्ट निम्मे. एकूण तोटा प्रमाणात चौपट. १२ व्होल्टच्या गाडीत जाणवणारही नाही इतका गंज इथे सेल्फ जड करतो. सेल्फ जड झाला की लोक आधी बॅटरी बदलतात, मग सेल्फची मोटर उघडतात. त्याऐवजी मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या अर्थिंगच्या खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरावी व दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. काटा ०.२ व्होल्टच्या बराच वर गेला तर दोषी अर्थिंगची पट्टी. ती सोडवून, दोन्ही टोके घासून, ग्रीस लावून बसवणे एवढेच काम. एक सावधगिरी मात्र हवी. त्या काळच्या डॉज-प्लिमथमध्ये आणि फोर्डमध्ये बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते, शेवरोलेत ऋण टोक. आजच्या सवयीने धन-ऋण उलटे जोडले तर अँपिअरचा काटा उलटा फिरतो, ठिणगी कमजोर होते आणि डायनमोची ध्रुवता पुन्हा बसवावी लागते.

दोष शोधण्याचा दुसरा नमुना घाटातला. कणकवलीहून फोंडा घाट चढताना गाडी मध्येच गचके खाऊन बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते. संशयित दोन आहेत. एक तर गरम पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पंप कोरडा पडला, किंवा तापलेल्या कंडेन्सरने नाहीतर कॉइलने दगा दिला. गाडी थंड झाली की दोन्ही पुरावे नाहीसे होतात, म्हणून तपास बंद पडल्या क्षणीच करायचा. एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या घशात पाहावे आणि अॅक्सिलरेटरची दांडी ओढावी. पेट्रोलची धार दिसली तर वाफेवरचा संशय बराच कमी होतो. लगेच प्लगची वायर काढून ठिणगी पाहावी. धार नसेल, तर पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवावे. त्याने गाडी उठली तर वाफच होती. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकत, तो उपाय होता. तपासाच्या दृष्टीने पाहिले तर तीच कसोटीही आहे.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २० टक्के इथेनॉलचे मिश्रण पाणी धरते, टाकीला आतून गंज चढवते आणि पंपातले जुने रबरी पडदे खराब करते. पेट्रोलचा काटा खोटे सांगू लागला तर टाकीतला तरंगता बूच काढून पाहावा. जुन्या गाड्यांत तो अनेकदा कॉर्कचा आणि त्यावर चपडी लाखेचा लेप असतो. सुतार पॉलिशसाठी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचे सांगायला नको.

या ज्ञानाचा मोठा भाग आपल्याकडे आधीच आहे, फक्त तो मोटारींच्या नावाखाली नोंदलेला नाही. शिवडीच्या सुरुवातीच्या शेवरोलेच्या पत्र्याआड लाकडी सांगाडा असे. तो कुजला तर होडी बांधणाऱ्या मेस्त्रीला दाखवावा. वक्र लाकडाचा सांधा त्याच्याइतका कोणाला कळतो? मच्छीमार ट्रॉलरच्या इंजिनांवर काम करणारा फिटर खाऱ्या पाण्याने धरलेला बोल्ट न तोडता सोडवू शकतो. सिलिंडर बोअर करणे आणि क्रँक घासणे ही कामे कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिढ्यान् पिढ्या होत आली आहेत. छंदिष्टाने या कारागिरांकडे गिऱ्हाईक म्हणून जावे आणि जमल्यास उमेदवार म्हणून थांबावे.

दोन प्रश्न या क्षेत्रात सतत पुढे येतात, ते वाचकाने माहीत करून घ्यावेत. पहिला कायद्याचा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी चालवता येते, रोजच्या वापरासाठी नाही. दुसरा प्रश्न अस्सलपणाचा. आपल्याकडच्या कित्येक अमेरिकन गाड्यांत आणि जीपमध्ये पेट्रोलचे इंजिन काढून डिझेल बसवले गेले. ते उपटून मूळ इंजिन शोधावे, की ती तडजोडही इतिहास म्हणून जपावी? माझा कल असा की चालू स्थितीतले, नीट बसवलेले डिझेल इंजिन काढण्याआधी त्याची छायाचित्रे आणि मापे तरी घ्यावीत. मूळचे शोधताना दुसरा इतिहास भंगारात जाऊ नये.

हे पुस्तक शेडमध्ये एखादी गाडी असलेल्यांसाठी आहे, तसेच गाडी नसून कुतूहल असलेल्या आयटीआयच्या नि तंत्रनिकेतनच्या मुलांसाठीही आहे. प्रकरणे लक्षणांनुसार लावली आहेत: सुरू होत नाही, सुरू होऊन बंद पडते, तापते, थांबत नाही. सलग वाचायची गरज नाही. एक विनंती मात्र आहे. प्रत्येकाने एक वही ठेवावी आणि तारीख, हवा, लक्षण, मीटरचे माप, केलेला उपाय आणि त्याचा परिणाम लिहावा. चुकलेले उपायही लिहावेत. डॉजचे मॅन्युअल आपल्याला पॉइंटमधले अंतर ०.०२० इंच सांगते. पण देवगडच्या खाडीकाठी ते पॉइंट किती दिवसांत खराब होतात, हे अशा वह्यांतूनच कळेल. या पुस्तकाची पुढची आवृत्ती त्या वह्यांवरून लिहावी लागेल.