जुना कॅमेरा, कमी पैसे आणि आपली नोंद

कॅमेऱ्याचा इतिहास बहुतेक वेळा शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पण तो किमतीचाही इतिहास आहे. कॅमेरा कोणाला परवडत होता, यावरून फोटो कोणाचे निघाले आणि ते कोणी काढले, हे ठरत गेले. आज वीस वर्षांपूर्वीचे डिजिटल कॅमेरे साध्या स्मार्टफोनपेक्षा कमी पैशांत मिळू लागले आहेत. ही गोष्ट केवळ स्वस्त छंदाची नाही.

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेरचे तंत्र जाहीर झाले आणि पुढच्या पंधरा वर्षांत, १८५४ला, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. तिकडे लखनौमध्ये १८५७च्या आधीपासून अहमद अली खान फोटो काढत होते. १८७४मध्ये दारोगा अब्बास अली यांनी शहराच्या इमारतींचा ‘द लखनौ अल्बम’ प्रसिद्ध केला. ही सारी मंडळी दरबार, सरकारी नोकरी किंवा वैद्यकीतली. काचेच्या प्लेटा, रसायने आणि अंधारी खोली हा खर्च सामान्यांच्या आवाक्यातला नव्हता.

सामान्य माणूस कॅमेऱ्यासमोर आला, तो नमुना म्हणून. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. त्यात जाती-जमातींची फोटोंसह वर्गवारी आहे. चेहरे इथल्या माणसांचे, पण फोटोसोबत काय लिहायचे हे ठरवणारे दुसरेच होते.

मुस्लिम जगातही हा प्रश्न होता. इजिप्तच्या लष्करातील अधिकारी सादिक बे यांनी १८६१मध्ये मदिनेचे आणि १८८०मध्ये मक्केचे फोटो काढले. उस्मानी सुलतान दुसरे अब्दुल हमीद यांनी शाळा, दवाखाने, कारखाने यांच्या अठराशेहून अधिक फोटोंचे ५१ अल्बम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला भेट दिले. युरोपने रंगवलेल्या ‘पूर्वे’ला ते दिलेले उत्तर होते. तसवीर जायज की नाजायज, हा वादही रंगला. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनी फोटो म्हणजे सावली पकडून ठेवणे, नवी निर्मिती नव्हे, असे म्हणत तो जायज ठरवला. मतभेद आजही आहेत. पण तेव्हा उत्तर देण्याची ऐपत सुलतानाची होती, मोहल्ल्याची नव्हती.

किंमत उतरली ती पुढे. १८८८चा कोडॅक २५ डॉलरचा होता, १९०० साली आलेला ब्राउनी एका डॉलरचा. आपल्याकडे बडोद्यात बनणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ अनेक मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. तरी एका रोलमध्ये बाराच फोटो. शिवाय रोल, धुलाई आणि प्रिंट यांचे पैसे वेगळे. म्हणून फोटो निघाले ते ईदला, लग्नात किंवा हजला निघताना. आपल्या जुन्या अल्बममध्ये सगळे नव्या कपड्यांत दिसतात. मालेगाव-भिवंडीत मागावर राबणारे हात, पाटावर बसून भाकरी थापणारी दादीअम्मा, मदरशातून घरी पळणारी पोरे क्वचितच दिसतात.

हे बंधन डिजिटल तंत्राने तोडले. १९७५मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेल्या पहिल्या नमुन्यात फक्त दहा हजार पिक्सेल होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९९चा निकॉन डी१ २७ लाख पिक्सेलचा, पण तो व्यावसायिकांसाठीच होता. २००३चा कॅनन ३००डी ६३ लाख पिक्सेल घेऊन हजार डॉलरच्या आत आला. २००६च्या निकॉन डी४०ने छंदी माणसाची वाट आणखी सोपी केली. मग फोनमधला कॅमेरा सुधारला. २०१०मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी बाहेर पडले होते. २०२३मध्ये सुमारे ७७ लाख. लोकांच्या कपाटात पडून राहिलेले कॅमेरे आता जुन्या बाजारात येत आहेत.

ते टाकाऊ नाहीत. डी४०चा ६० लाख पिक्सेलचा फोटो दहा इंच रुंद प्रिंटला पुरतो. त्याचा सेन्सर फोनच्या सेन्सरपेक्षा आकाराने कितीतरी मोठा आहे. उणिवाही आहेत: कमी उजेडात दाणे दिसतात, व्हिडिओ नाही आणि ज्यात स्वतःची मोटर नाही अशा जुन्या लेन्सचा फोकस हाताने करावा लागतो.

मुंबईचा चोर बाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो की ओळखीचा विक्रेता, घेताना काही गोष्टी पाहाव्यात. लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशीचे जाळे आहे का पाहा. आपल्या दमट हवेत ती हमखास धरते. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग दिसतील. शटर किती वेळा उघडले, ते विचारा. बॅटरी आणि त्या जातीचे मेमरी कार्ड आजही मिळते ना, याची खात्री करा. काही जुन्या मॉडेलांत दोन जीबीपेक्षा मोठे कार्ड चालतच नाही. मालातला ऐब लपवून विकणे इस्लामी व्यवहारशास्त्राला मंजूर नाही. असा माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे, त्याला ‘खियारुल-ऐब’ म्हणतात. विकणाऱ्याला तो आठवून द्यायला संकोच करू नये. चालणारी वस्तू पुन्हा वापरात आणणे हा इसराफ टाळण्याचाही एक मार्ग आहे.

वर्तमानपत्रांत मुस्लिम वस्तीचा फोटो येतो तो ईदला किंवा दंगलीनंतर. मधले साडेतीनशे दिवस कुठेच नोंदले जात नाहीत. जुने वाडे पडत आहेत, मोहल्ले पुनर्विकासात जात आहेत, हातमागाची पिढी संपत आली आहे. फोनमध्ये फोटो हजारो निघतात, पण फोन बदलला की बहुतेक हरवतात. म्हणून कॅमेरा घ्या, परवानगी घेऊन फोटो काढा, दोन ठिकाणी साठवा, निवडक फोटोंचे प्रिंट करा आणि मागे नाव, गाव, तारीख लिहा. उद्या आपला इतिहास लिहू पाहणाऱ्याला निदान एवढा कागद तरी हाती लागेल.