रिथी पान : हरवलेल्या चित्राचा शोध

कंबोडियातील नरसंहाराचा अबोल राहिलेला इतिहास पडद्यावर आणणारे माहितीपटकार. जन्म १९६४, नॉम पेन्ह. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने राजधानी ताब्यात घेऊन रिकामी करविली, तेव्हा पान कुटुंबाचीही खेड्यातील श्रमछावणीकडे रवानगी झाली. आई-वडील व अनेक आप्त तेथेच दगावले. १९७९ मध्ये थायलंडमधील निर्वासित छावणी गाठून रिथी पुढे पॅरिसला गेले. चित्रपटाचे शिक्षणही तेथेच झाले.

त्यांची सर्वांत प्रभावी कृती म्हणजे ‘एस-२१’ (२००३). शाळेच्या इमारतीत थाटलेल्या तुओल स्लेंग तुरुंगातील जुन्या पहारेकऱ्यांना त्यांनी त्याच ओस खोल्यांत परत आणले. तेथून जिवंत सुटलेल्या मोजक्या कैद्यांपैकी एक, चित्रकार वान नाथ, त्यांना प्रश्न विचारतात. एक पहारेकरी तर गस्तीचा सारा क्रम, दाराच्या कुलपापासून कैद्यांना दरडावण्यापर्यंत, हातवाऱ्यांनिशी करून दाखवितो. खोलीत समोर कोणीही नसते. निवेदनाची जोड नसलेला हा प्रसंग पाहवत नाही.

राजवटीचे प्रचारपट तेवढे मागे उरले. तिने चिरडलेल्यांच्या यातनांचे चित्रण नव्हते. ती पोकळी ‘द मिसिंग पिक्चर’मध्ये (२०१३) मातीच्या बाहुल्यांनी भरली. कान महोत्सवात पारितोषिक मिळविलेल्या या माहितीपटाला ऑस्करचे नामांकनही लाभले.

देशाचा दृक्‌श्राव्य ठेवा जतन करणारे बोफाना केंद्र २००६ मध्ये नॉम पेन्ह येथे सुरू झाले, त्यामागेही पानच. बोफाना ही पतीला लिहिलेल्या प्रेमपत्रांमुळे स्मरणात राहिलेली, तुओल स्लेंगमध्ये बळी गेलेली तरुणी. तिच्यावरील त्यांचा माहितीपट १९९६ चा.