गावाचा माग आणि शहराचा हेर

हेरकथा हा वाङ्मयाचा हलका प्रकार होय, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून बराच काळ रूढ होती. मुलांच्या हाती असे पुस्तक दिसले की वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडत, आणि रात्री तेच पुस्तक त्यांच्या उशाशी सापडे. या समजुतीचा वाद आम्हांस येथे घालावयाचा नाही. खासगी हेर हे पात्र समाजाच्या कोणत्या अवस्थेत जन्मास येते, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. आणि भिवंडीच्या कामतघराचा इतिहास पाहिला असता त्याचे उत्तर बरेच स्पष्ट होते.

जुन्या महाराष्ट्रात गुन्हा शोधणे हे गावाचे काम असे. चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गावाच्या हद्दीत शिरला की ते काम त्या गावाच्या गळ्यात पडे, आणि जेथे तो खुंटे तेथील रखवालदारांस वा गावास नुकसान भरून द्यावे लागे. ही पद्धत चाले, याचे श्रेय केवळ जागल्याच्या चातुर्यास देता येत नाही. गावात परका मनुष्य लपून राहणे कठीण असे, हे मूळ कारण. कोणाकडे पाहुणा आला, कोणाची चूल पेटली नाही, हे साऱ्यांस ठाऊक असे. मात्र ही नजर न्यायी होती, असे कोणी समजू नये. ज्या रामोशांकडे पहाऱ्याचे काम असे, त्यांच्यावरच चोरीचा पहिला संशय येई. पुढे १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची वाट मोकळी केली, आणि कालांतराने तो कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला.

आता कामतघराकडे वळू. वऱ्हाळादेवीच्या तलावाकाठचे हे गाव. भिवंडीत हातमागांचा धंदा पूर्वीपासून होता. विसाव्या शतकात यंत्रमाग आले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लक्ष कामगार घरी बसले, आणि गिरण्यांचे विणकाम या मागांकडे वळले. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून माणसे आली. एकाच खोलीत दिवसपाळीचा मनुष्य उठतो आणि रात्रपाळीचा त्याच बिछान्यावर निजतो; परस्परांचे मूळ गाव कोणते, हेही कित्येकदा ठाऊक नसते. पावलांचा माग काढणारे गाव गेले आणि कापडाच्या मागांचे गाव आले. येथे कोण कोठून आला हे सांगणारा शेजारी उरला नाही.

हेरकथेस लागणारी भूमी नेमकी हीच. शेरलॉक होम्स १८८७ साली अवतरला तो लक्षावधी अनोळखी माणसांच्या लंडनमध्ये. मराठीत गो. ना. दातारांनी इंग्रजी कथानकांस एतद्देशीय वेष चढवून वाचकांस रहस्याची गोडी लावली. त्यानंतर आले बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६). त्यांनी हजारांहून अधिक पुस्तके लिहिली, आणि मुंबईच्या चाळींपासून तालुक्याच्या वाचनालयांपर्यंत ती फाटेपर्यंत वाचली गेली. त्यांचा धनंजय हा रीतसर गुप्तहेर, छोटू त्याचा साहाय्यक. परंतु वाचकांचे खरे प्रेम झुंजार आणि काळापहाड यांच्यावर जडले. हे दोघे कायद्याच्या कुंपणाबाहेर उभे राहून दुष्टांस शासन करणारे. कचेरीत आपली दाद लागेल, हा विश्वास ज्यांस नव्हता, त्यांच्या मनाचे हे प्रतिबिंब होते, असे आम्हांस वाटते.

कथेतील हेर खुनाचा छडा लावतो. प्रत्यक्षातील हेराचे काम निराळे. रजनी पंडित यांनी १९९१ साली मुंबईत आपली संस्था काढली आणि या व्यवसायात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. अशा संस्थांकडे येणारी पुष्कळशी कामे विवाहाच्या चौकशीची असतात. मुलगा सांगतो तेथे खरोखर नोकरीस आहे काय, त्याचे आधी लग्न झाले आहे काय, हे पूर्वी आत्या-मावशा चार घरी बसून काढून आणीत. नातलग विखुरले, तेव्हा ते काम शुल्क घेऊन करणारा मनुष्य आला.

फरक इतकाच की गावाची नजर सर्वांवर असे. हेराची नजर पैसे देणाऱ्याच्या इच्छेने फिरते. तिला आवर कोणी घालावा? या संस्थांच्या नियमनाचे विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. कामतघर ज्यांच्या हद्दीत येते त्याच ठाणे शहर पोलिसांनी २०१८ साली दूरध्वनीच्या नोंदी बेकायदा मिळविल्याच्या प्रकरणात काही खासगी हेरांस अटक केली. एकाची खातरजमा ती दुसऱ्याच्या खासगीपणावरील घाला ठरते.

आणि ज्याच्यापाशी शुल्कच नाही त्याचे काय? मागावरचा एखादा मजूर नाहीसा झाला, तर त्याच्या दूरच्या गावातील माउलीने कोणता हेर नेमावा? तिच्यासाठी पोलीस ठाण्यातील नोंदवही तेवढी आहे. त्या नोंदीचा पाठपुरावा कोणी करीत नाही, तोवर झुंजाराच्या कथा वाचल्या जातील; आणि त्या वाचणारांस हसण्याचा अधिकार आपणांस नाही.