चंद्रग्रहांचीं छायाचित्रें आणि हौशी वेधकार

नांदेड-लातूरकडील एखाद्या मुलानें चंद्र व ग्रह यांचीं छायाचित्रें घेण्यासाठीं दुर्बीण मागितली, कीं 'हिचा परीक्षेस उपयोग काय?' हा प्रश्न आमच्या सुशिक्षित कुटुंबांत प्रथम निघतो. आणि हा नाद श्रीमंतांचा अगर परकीयांचा, असें म्हणून विषय बहुधा तेथेंच संपतो. या नादाचा इतिहास, विशेषतः आपल्या मुलखांतील इतिहास, पाहिला असतां हा निकाल उतावळेपणाचा वाटूं लागतो.

छायाचित्रणाची कृति जगापुढें येऊन वर्ष लोटलें नाहीं तोंच, १८४० सालीं, न्यूयॉर्क येथील रसायनाचे प्राध्यापक जॉन ड्रेपर यांनीं रुप्याचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चंद्राचें चित्र उमटविलें. ही कला पुढें वाढविणारे बरेचसे लोक पेशानें ज्योतिर्विद नव्हतेच. लंडनचे वॉरन डी ला रू हे कागदी मालाचे कारखानदार, तर न्यूयॉर्कचे लुइस रदरफर्ड हे वकील.

अशाच एका हौशी गृहस्थामुळें निजामाच्या राज्यास वेधशाळा लाभली. नांदेड आणि त्या काळीं उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडणारें लातूर हीं दोन्ही गांवें त्याच राज्यांत होतीं, हें वाचकांस ठाऊक आहेच. हैदराबादचे अमीर नबाब जफर जंग यांनीं १९०१ सालीं फिसलबंडा येथील आपल्या जागेंत स्वखर्चानें ती उभारली. पंधरा इंची दुर्बीण व आठ इंची छायाचित्रण-दुर्बीण अशीं दोन यंत्रें त्यांनीं विलायतेहून आणविलीं. १९०७ सालीं ते वारले. परंतु आपल्यामागें ही वेधशाळा सरकारनें चालवावी, अशी तजवीज त्यांनीं करून ठेविली होती, आणि त्याप्रमाणें १९०८ सालीं सरकारनें ती ताब्यांत घेतली. त्या काळीं साऱ्या आकाशाचा छायाचित्रमय नकाशा करण्याचें काम अनेक राष्ट्रांनीं वांटून घेतलें होतें. त्यांपैकीं खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादकडे आला, व रॉबर्ट पोकॉक आणि टी. पी. भास्करन् या संचालकांच्या देखरेखीखालीं त्याच आठ इंची यंत्रानें तो टिपला गेला. एका अमिराची हौस अशा रीतीनें जगाच्या कामीं आली.

पुण्याची कथा निराळी आहे. तेथील विज्ञान महाविद्यालयांत भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीनें वेधशाळा निघाली, आणि प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं ती वाढविली. तिची वीस इंची आरशाची दुर्बीण त्या वेळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणास नायगमवाला आपल्या मंडळींसह सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें उतरले. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचाही तळ तेथेंच पडला होता. चंद्रबिंबानें सूर्य पुरता झांकला जातो त्या अवघ्या सुमारें दोन मिनिटांत दोन्ही तळांवर छायाचित्रें घेण्यांत आलीं. परंतु १९१२ सालीं नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची दुर्बीण कोडाइकनालला गेली. हौशी मंडळींची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यांत स्थापन झाली ती १९४४ सालीं, म्हणजे मध्यें ३२ वर्षें लोटल्यावर.

आतां यंत्रांची अडचण पुष्कळ कमी झाली आहे. ग्रहाचें बिंब लहान, आणि वरची हवा सतत थरथरणारी. त्यामुळें जुन्या कांचेवरील ग्रहचित्रें पुसट येत. आजचा कॅमेरा थोड्या मिनिटांत हजारो चित्रें घेतो, आणि हवा क्षणभर स्थिर असतांना उमटलेलीं तेवढीं निवडून संगणक तीं एकावर एक रचतो. शिवाय नांदेड सुमारें १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळें ग्रह उत्तरेकडील राशींत आला, कीं येथें तो जवळजवळ डोक्यावरून जातो आणि त्याच्या प्रकाशास हवेचा सर्वांत कमी थर ओलांडावा लागतो. लंडनला तोच ग्रह क्षितिजापासून सुमारें ६२ अंशांपलीकडे फारसा चढत नाहीं. निसर्गानें हें माप आमच्या पदरांत सढळ हातानें घातलें आहे.

अशा चित्रांचा उपयोग काय, तें ऑस्ट्रेलियांतील अँथनी वेस्ली या हौशी वेधकारानें दाखविलें. १९ जुलै २००९ रोजीं घरच्या साडेचौदा इंची दुर्बिणींतून गुरूचीं चित्रें घेत असतां त्यांस एक नवा काळा डाग दिसला. त्यांनीं तो तत्काळ कळविला, आणि मोठमोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. गुरूवर कांहींतरी आदळल्याची ती खूण होती.

यावरून आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे, कीं मुलास दुर्बीण देतांना सोबत एक वहीही द्यावी. तींत प्रत्येक चित्राची तारीख, वेळ, स्थळ व हवेची स्थिति लिहिली जावी, आणि मूळ चित्रें जपून ठेवावीं. तसेंच नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांनीं अशा वह्या व चित्रें यांचा सांभाळ आपल्याकडे घ्यावा. जफर जंग यांचें यंत्र त्यांच्यामागें कामास आलें, कारण त्याच्या पुढील सोयीचा विचार त्यांनीं हयातींतच केला होता. पुण्यास तशी सोय कोणीं केली नाहीं. मुलाच्या दुर्बिणीचें पुढें काय होणार, हेंही बऱ्याच अंशीं वडील मंडळींच्याच हातीं आहे.